मध्यममार्गी म्हणजे नेमकं कशाच्या मध्ये? आओस्ता खोऱ्यातल्या ‘स्टेल्ला आल्पिना’विषयी

प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुरिनमध्ये राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने प्रबंधासाठी इटलीच्या आओस्ता खोऱ्यातला ‘स्टेल्ला आल्पिना’ हा छोटा प्रादेशिक पक्ष निवडला आहे. त्याने जाहीरनामे वाचून काढले, पण शेजारच्या पक्षांपेक्षा वेगळं असं फारसं काही हाती लागलं नाही. त्याचं म्हणणं असं: “हा पक्ष ना डावा, ना उजवा. 2013 मध्ये 12 टक्के मतं, 35 पैकी 5 जागा. तरी 2017 मध्ये याच पक्षाचा माणूस प्रदेशाचा अध्यक्ष झाला. याला विचारसरणी म्हणायची, की दोन्ही बाजूंकडून किंमत वसूल करणं? आणि असा पक्ष आपल्याकडे विदर्भात किंवा कोकणात का उभा राहत नाही?”

आल्प्समधल्या स्वायत्त प्रदेशांच्या निवडणुका वाचणं हे माझं गेल्या अठरा वर्षांचं काम आहे. आकडे, निवडणुकीचे कायदे, प्रादेशिक परिषदेच्या कामकाजाची इतिवृत्तं असं सगळं. तेवढ्या अनुभवावरून सांगते की तुमची अडचण पक्षाची नसून तुम्ही तो कुठून वाचायला घेतलात याची आहे. जाहीरनाम्यातून असा पक्ष कळत नाही. माझीही सुरुवात जाहीरनाम्यांपासूनच झाली होती. पहिलं टिपण लिहिलं तेव्हा मी या पक्षाला ‘सौम्य उजवा’ असा शिक्का मारून मोकळी झाले, आणि पुढची दोन वर्षं त्याच्या प्रत्येक हालचालीचा माझा अंदाज चुकत गेला. चूक उमगली ती परिषदेतल्या जागांची बेरीज कागदावर मांडून बघितल्यावर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पुढे जे सांगणार आहे ते आओस्ता खोऱ्याला लागू पडतं. इटलीच्या दुसऱ्या प्रदेशातला छोटा मध्यममार्गी पक्ष घेतलात तर उत्तर बदलेल, कारण तिथे नियमच वेगळे आहेत. प्रबंध विचारसरणीवर आहे की संस्थांवर, यावरही बरंच अवलंबून आहे. तुमच्या प्रश्नाचा रोख मला संस्थांकडे दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आओस्ता खोरं हा इटलीतला सगळ्यात लहान प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे 3,260 चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर. एका बाजूला मों ब्लां, दुसऱ्या बाजूला मात्तरहॉर्न आणि मोंते रोझा, मधून वाहणारी दोरा बाल्तेआ नदी आणि तिला दोन्हीकडून येऊन मिळणारी लहान खोरी. गावपालिका 74, आणि आओस्ता शहर सोडलं तर बाकीच्या फार लहान. महाराष्ट्रातल्या विधानसभेच्या एका सर्वसाधारण मतदारसंघातही याहून कितीतरी जास्त मतदार असतात. इथे मात्र एवढ्या लोकांसाठी 35 जणांची निवडून आलेली परिषद आहे, म्हणजे दर साडेतीन हजार माणसांमागे एक सदस्य. मतदान होतं साठ-सत्तर हजारांचं. त्यातली 12 टक्के मतं म्हणजे आठ हजारांच्या आसपास माणसं. ती माणसं कोण, कुठल्या खोऱ्यातली, कुणाच्या नात्यातली, हे उमेदवाराला जवळजवळ नावानिशी माहीत असतं.

पण छोटं म्हणजे बिनमहत्त्वाचं नव्हे. 26 फेब्रुवारी 1948 च्या घटनात्मक कायद्याने या प्रदेशाला विशेष दर्जा मिळाला. फ्रेंच आणि इटालियन या दोन्ही भाषांना तिथे समान स्थान आहे, आणि शाळेत दोन्हींना सारखे तास द्यायचे असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. फॅसिस्टांच्या काळात याच खोऱ्यात गावांची फ्रेंच नावं पुसून इटालियन नावं लादली गेली होती. कूरमायरचं ‘कोर्माइओरे’ झालं, ला थुईलचं ‘पोर्ता लित्तोरिया’. स्वायत्ततेचं स्वप्न मांडणारे एमील शानू मे 1944 मध्ये फॅसिस्टांच्या कोठडीत, छळानंतर मरण पावले. त्या आठवणी अजून विझलेल्या नाहीत. तिथल्या पक्षांच्या बैठकांना मी बसले आहे. शानूंचं नाव निघालं की आवाज खाली येतात.

सत्तेचं म्हणाल, तर प्रदेशात गोळा होणारे जवळपास सगळे मुख्य कर प्रदेशाच्याच तिजोरीत राहतात. त्या बदल्यात रुग्णालयांपासून शाळांपर्यंत बहुतेक सगळा खर्च प्रदेशाने स्वतः उचलायचा. जलविद्युत कंपनी प्रदेशाच्या मालकीची, साँ-व्हँसाँचा कॅसिनो प्रदेशाच्या मालकीचा. आणि प्रबंधात आवर्जून घ्यावी अशी एक गोष्ट: इटलीत प्रत्येक प्रांतात गृहखात्याचा ‘प्रिफेक्ट’ नावाचा अधिकारी असतो, साधारण आपल्या कलेक्टरसारखा, केंद्राचा माणूस. आओस्ता खोऱ्यात तो नाहीच. प्रिफेक्टची कामं प्रदेशाचा निवडून आलेला अध्यक्षच करतो. म्हणजे तिथलं अध्यक्षपद हे मुख्यमंत्रिपद आणि जिल्हाधिकारीपद एकाच खुर्चीत. त्या खुर्चीवर कोण बसणार याला किती वजन असेल, तुम्हीच बघा.

आता मुद्द्याचं. ही खुर्ची मिळते कशी?

इटलीच्या बहुतेक प्रदेशांत 2000 पासून अध्यक्षाची निवड थेट जनतेकडून होते. जिंकणाऱ्याच्या आघाडीला बहुमत मिळेल अशी जागांची व्यवस्था असते. अध्यक्षावर अविश्वास आला किंवा त्याने राजीनामा दिला तर परिषदही बरखास्त होते. इटालियन राजकारणी त्याला लॅटिन शब्दांत ‘सिमुल स्ताबुन्त, सिमुल कादेन्त’ म्हणतात: उभे राहतील तर एकत्र, पडतील तर एकत्र. अशा प्रदेशात पाच सदस्यांच्या पक्षाने अध्यक्षाला पाडायचं ठरवलं तर दुसऱ्या दिवशी त्या पाचांची स्वतःची सदस्यत्वंही जातात. मग ते कुरकुरतात, खातं मागतात, रुसतात, पण पाडत नाहीत.

आओस्ता खोऱ्यात तसं नाही. मी सांगते आहे त्या काळात तिथे परिषदेची निवड यादीनिहाय प्रमाणशीर मतदानाने झाली आणि अध्यक्ष परिषदेने आपल्यातून निवडला. अविश्वास ठराव आणायचा तर त्यातच पर्यायी अध्यक्षाचं नाव द्यावं लागतं. 18 सदस्यांनी हात वर केले की जुना जातो, नवा येतो आणि परिषद जागच्या जागी राहते. म्हणजे पाच जणांच्या पक्षाला सरकार बदलताना स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका नियमात आहे.

उरलेलं अर्धं बेरजेत आहे. इथे जरा थांबून कागद-पेन्सिल घ्या, कारण प्रबंधाचा कणा मला इथेच दिसतो.

स्टेल्ला आल्पिना म्हणजे एडलवाईसचं फूल. दक्षिण तिरोलमधल्या जर्मनभाषक पक्षाच्या चिन्हातही तेच फूल आहे, तेव्हा छायाचित्रं आणि जुने फलक पाहताना गल्लत होऊ देऊ नका. पक्ष 2001 मध्ये स्थापन झाला. 1994 च्या सुरुवातीला देशभरातला ख्रिस्ती लोकशाही पक्ष भ्रष्टाचाराच्या प्रकरणांखाली कोसळला, त्यानंतर खोऱ्यात त्याच्या परंपरेतले छोटे छोटे गट उरले होते. ते आणि त्यांच्या जवळचे काही स्वायत्ततावादी यांनी मिळून हे घर बांधलं. समोर होता ‘युनिओं व्हाल्दोतेन’ हा 1945 मध्ये स्थापन झालेला, फ्रेंच नावाचा, खोऱ्यातला सगळ्यात बलाढ्य पक्ष.

2003 च्या निवडणुकीत स्टेल्ला आल्पिनाला 19.8 टक्के मतं आणि 7 जागा मिळाल्या. पक्षासाठी हा मोठा आकडा होता. पण युनिओंला 47.2 टक्के आणि 18 जागा होत्या. बहुमताला लागतात अठराच. म्हणजे ती सात माणसं सोबत असली काय आणि नसली काय, सरकार चालणारच होतं.

2008 मध्ये स्टेल्ला आल्पिना 11.4 टक्क्यांवर घसरली, जागा 4. युनिओंला 17, म्हणजे बहुमताला एक कमी. आता गरज होती. पण आघाडीत ‘फेदेरासिओं ओतोनोमिस्त’ नावाचा आणखी एक छोटा पक्ष 2 जागा घेऊन बसला होता. युनिओंला त्या दोघांपैकी कुणीही एक पुरत होता. आपल्याशिवाय काम चालू शकतं हे माहीत असलं की मागण्या आपोआप नरम होतात.

2013 मध्ये मतं 12.2 टक्के, जागा 5. दिसायला 2008 पेक्षा किंचितच बरं. पण त्या वर्षी युनिओं फुटली होती. लोराँ विएरँ आणि इतर काही नेत्यांनी बाहेर पडून ‘युनिओं व्हाल्दोतेन प्रोग्रेसिस्त’ काढली आणि 7 जागा नेल्या. मूळ युनिओं 13 वर आली. तेरा आणि पाच, अठरा. समोर सतरा. एक सदस्य तापाने अंथरुणाला खिळला तर ठराव पडेल, अशी स्थिती.

या तीन ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहा. सात जागा असताना पक्षाचं वजन जवळजवळ शून्य होतं, चार असताना थोडं होतं आणि पाच असताना त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. पक्षाची ताकद त्याच्या मतांवरून मोजता येत नाही. ती दुसऱ्यांच्या जागांवरून मोजावी लागते. छोट्या मध्यममार्गी पक्षाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

त्याच 2013 मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. हे खोरं रोमला एक खासदार आणि एक सिनेटर पाठवतं. फेब्रुवारीच्या संसदीय निवडणुकीत युनिओंबरोबरच्या आघाडीतून सिनेटची जागा युनिओंच्या आल्बेर लानिएस यांनी जिंकली आणि कनिष्ठ सभागृहाची जागा स्टेल्ला आल्पिनाच्या रुदी मार्गरेत्ता यांनी. तेव्हा कनिष्ठ सभागृहात 630 सदस्य होते, त्यांतला एक या पक्षाचा. मोठ्या पक्षाने छोट्याला संसदेची जागा सोडावी, हे त्याच्यावरच्या प्रेमापोटी घडलं नव्हतं. बेरीज करणारे लोक दोन्हीकडे होते.

आता 2017. अध्यक्षपदी होते युनिओंचे ऑगुस्तो रोलांदँ. 2008 पासून खुर्चीवर, आणि त्याआधी ऐंशीच्या दशकातही अध्यक्ष राहिलेले. मधल्या काळात त्यांनी आघाडीत आणखी पक्ष घेतले होते, अगदी फुटून गेलेले प्रोग्रेसिस्तसुद्धा. वरकरणी सरकार भक्कम झालं. पण आघाडी रुंदावली की प्रत्येक जुन्या भिडूची किंमत उतरते. 2008 ची आठवण काढा, गणित तेच. 2017 च्या सुरुवातीला स्टेल्ला आल्पिना आणि प्रोग्रेसिस्त बाहेर पडले, विरोधातल्या ‘आल्प’सारख्या गटांबरोबर त्यांनी नवी मोळी बांधली, आणि 10 मार्चला परिषदेने रोलांदँ यांना हटवून स्टेल्ला आल्पिनाच्या पिएरलुइजी मार्की यांना अध्यक्ष केलं.

इथे बहुतेक वाचक विचारतात की मोळीतला मोठा पक्ष सोडून छोट्या पक्षाला खुर्ची का? कारण मोठ्यांना एकमेकांचा माणूस नको होता. प्रोग्रेसिस्त हे युनिओंमधूनच फुटलेले, त्यांच्या जखमा ओल्या. आल्पची जातकुळी डावीकडची आणि पर्यावरणवादी. दोघांनाही सहन होईल असा तिसरा माणूस हवा होता, आणि तो मधल्या पक्षातच मिळण्यासारखा होता. आपल्याकडे सोसायटीच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुकीनंतर दोन तगड्या पॅनेलांच्या भांडणात ज्याचं कुणाशी वाकडं नाही असा संचालक चेअरमन होतो, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ते सरकार सात महिने टिकलं. ऑक्टोबर 2017 मध्ये प्रोग्रेसिस्त पुन्हा युनिओंच्या बाजूला गेले आणि लोराँ विएरँ अध्यक्ष झाले. त्याच वर्षी स्टेल्ला आल्पिनाचा परिषदेतला गटही फुटला. बाहेर पडलेल्यांनी नवा गट काढला आणि त्याच्याही नावात ‘एडलवाईस’ ठेवलं. मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. पाच जणांचा पक्ष दाराच्या बिजागरीसारखा काम करतो तोवर सगळ्यांना हवा असतो. तो स्वतः दार व्हायला गेला की त्याच्या आतच प्रश्न उठतो की आपण नक्की कुणाबरोबर आहोत. खुर्ची मिळाल्यावर एक बाजू घ्यावीच लागते, आणि मधल्या पक्षातल्या माणसांची मनं दोन्ही बाजूंना वाटलेली असतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: परिषद बरखास्त न होता अध्यक्ष बदलता येतो म्हणून छोट्या पक्षाला हालचाल करता येते, कुणालाच अठरा मिळत नाहीत तेव्हा ती हालचाल मोलाची ठरते, आणि मोठ्यांमध्ये वैर असेल तर खुर्चीपर्यंतही जाता येतं, पण तिथे बसून राहता येतंच असं नाही.

आता तुमचा टोकदार प्रश्न. ही विचारसरणी की किंमत वसूल करणं?

मी यावर बराच काळ विचार केला आहे आणि मला ‘नुसती वसुली’ हा निकाल अन्यायाचा वाटतो. कारण आपण ‘मध्यममार्गी’ हा शब्द रोमच्या चष्म्यातून वाचतो. रोममध्ये मध्य म्हणजे डाव्या-उजव्यांच्या मधला. आओस्तात मुख्य रेघ तशी आखलेलीच नाही. तिथे रेघ आहे ती खोरं आणि रोम यांच्यामध्ये. स्वायत्ततेवर हात पडू नये, कर इथेच राहावेत, शाळेत फ्रेंच टिकावी, वीज आपल्या पाण्यावर आपली राहावी: यावर युनिओं, प्रोग्रेसिस्त, आल्प, स्टेल्ला आल्पिना यांच्यात फार मतभेद नव्हता. म्हणूनच तुम्हाला जाहीरनामे सारखे वाटले, आणि ते तसे आहेतही. डावं-उजवं ही तिथे दुय्यम रेघ आहे, आणि स्टेल्ला आल्पिनाने त्या दुय्यम रेघेवर बाजू न घेण्याचं ठरवलं.

मग युनिओं असताना वेगळं घर कशाला? त्याचं माझं वाचन असं. युनिओं फ्रेंच भाषेच्या आणि मुळच्या खोरेवासीयांच्या अस्मितेतून उभी राहिली. पण खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या बाहेरून माणसं येत गेली, आओस्ताच्या पोलाद कारखान्यात व्हेनेतोमधून आली, दक्षिणेतल्या कालाब्रियातून आली. घरात इटालियन बोलणारी, रविवारी चर्चला जाणारी, स्वायत्तता मनापासून हवी असलेली, पण युनिओंच्या फ्रेंच घोषणांमध्ये स्वतःला पाहुणा समजणारी अशी मोठी वस्ती तयार झाली. पूर्वी ती ख्रिस्ती लोकशाही पक्षात होती. तो गेल्यावर तिला घर लागलं. पक्षाचं नाव फ्रेंचमध्ये नसून इटालियनमध्ये आहे, याकडे लक्ष गेलं का तुमचं? मला तरी ते नाव सहज ठेवलेलं वाटत नाही. आपण इथले आहोत, पण आपली भाषा ही आहे, असं सांगणारं ते नाव आहे. हे सगळं जाहीरनाम्यात लिहीत नाहीत, कारण लिहिलं तर बोचतं.

त्यात पसंतीच्या मतांची पद्धत मिसळा. 2013 पर्यंत मतदाराला पक्षाच्या यादीतल्या तीन उमेदवारांची नावं लिहिता येत होती. 2018 मध्ये ते एकावर आलं. तीन नावांची मुभा असली की उमेदवार तिघातिघांचे गट बांधतात: एक वरच्या खोऱ्यातला, एक शहरातला, एक खालच्या बाजूचा. इटालियनमध्ये अशा गटाला ‘कोर्दाता’ म्हणतात, म्हणजे गिर्यारोहकांनी एकाच दोराला बांधून घेतलेली रांग. छोट्या पक्षासाठी हा दोर फार महत्त्वाचा, कारण त्याच्याकडे पक्षाच्या नावावर मिळणारी मतं कमी आणि माणसाच्या नावावर मिळणारी जास्त. तिथला दवाखान्यातला डॉक्टर, सहकारी चीज डेअरीचा माणूस, दहा वर्षं महापौर राहिलेला शिक्षक, यांच्या नावावर मतं पडतात. 30 आणि 31 जानेवारीला आओस्तात सँतूर्सची लाकडी हस्तकलेची जत्रा भरते, तेव्हा एकदा जाऊन या. परिषदेचा सदस्य दर दहा पावलांवर थांबतो आणि समोरच्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो देखावा वाटला होता. आठ हजार मतांच्या पक्षात तीच पक्षबांधणी असते, हे नंतर कळलं.

वसुली होत नाही असं मी म्हणणार नाही. होते. खाती, मंडळांवरच्या नेमणुका, कुठल्या खोऱ्यातला रस्ता आधी, हे सगळं त्या अठराच्या बेरजेतून ठरतं, आणि त्याचा राग खोऱ्यातल्या सामान्य मतदाराला येतो. 2013 ते 2018 या एकाच मुदतीत तीन अध्यक्ष झाले, तेव्हा लोक वैतागले होते. 2018 च्या निवडणुकीत युनिओं 19 टक्क्यांच्या आसपास घसरली आणि लेगा हा देशपातळीवरचा उजवा पक्ष 7 जागा घेऊन आला. 2020 मध्ये तर लेगा 23.9 टक्के आणि 11 जागांसह पहिला ठरला. लेगाच्या मतांमागे देशभरची लाट होतीच. पण खोऱ्यातल्या सततच्या सरकारबदलाला विटलेली माणसंही त्यात होती असं माझं ठाम मत आहे. स्टेल्ला आल्पिनाला याचा हिशेब द्यावाच लागतो. त्या 2020 च्या निवडणुकीत पक्ष स्वतंत्र यादीवर उरला नव्हता. प्रोग्रेसिस्त आणि आल्प यांच्या एकीतून झालेल्या ‘आलियान्स व्हाल्दोतेन’ आणि माजी पंतप्रधान रेंझी यांच्या ‘इतालिया व्हिवा’ यांच्याबरोबर एका यादीत त्याचं फूल छापलं गेलं. तिघांना मिळून 4 जागा.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एक कसोटी देते. पक्षाने बाजू बदलली, यावरून त्याला नावं ठेवू नका. बाजू बदलताना त्याने काय मागितलं ते शोधा. मागणी खोऱ्यासाठी असेल तर ती परिषदेच्या ठरावांत दिसते. माणसासाठी असेल तर नेमणुकांच्या यादीत दिसते. दोन्ही कागद मिळतात. स्टेल्ला आल्पिनाच्या बाबतीत तुम्हाला दोन्ही प्रकारचे दाखले सापडतील, आणि प्रबंधात दोन्ही यायला हवेत.

नियम बदलले की असाच पक्ष किती वेगळा वागतो, हे पाहायला सार्डिनियाकडे बघा. तिथले ‘रिफॉर्मातोरी सार्दी’ हेही छोटे, प्रादेशिक, मध्यममार्गी. पण तिथे अध्यक्ष थेट निवडला जातो, त्यामुळे बिजागरी होण्याची संधी नाही. त्यांनी काय केलं? एक विषय धरला: सार्डिनिया बेट आहे आणि बेटावर राहण्याचा तोटा राज्याने मान्य करावा. त्यासाठी सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षं लावून धरलं, इतर पक्षांना सोबत घेतलं, आणि 2022 मध्ये इटलीच्या घटनेच्या 119 व्या कलमात बेटांच्या या स्थितीचा उल्लेख आला. खुर्ची मिळणार नसेल तर छोटा पक्ष विषयावर जगतो. तुमच्या प्रबंधात हे एक प्रकरण तुलनेला घ्या, स्टेल्ला आल्पिनाचं वेगळेपण त्याने उठून दिसेल.

राहिला विदर्भ आणि कोकण. यावर थोडक्यातच बोलते, कारण तो वेगळा अभ्यास आहे. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. सगळ्या प्रदेशात सारखी पसरलेली 12 टक्के मतं घेऊन एकही आमदार न येणं सहज शक्य आहे. शिवाय 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, तेव्हा निवडून आलेल्यांची हालचालही बांधलेली. आणि मला सगळ्यात मोठा वाटणारा फरक असा की विदर्भाला स्वतःची निवडून आलेली सभाच नाही. घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं झाली, त्यांचीही मुदत 2020 मध्ये संपली. ती नेमलेली मंडळं होती. जिथे अठराची बेरीजच होत नाही तिथे पाच जणांना वजन येणार कसं? विदर्भातल्या माणसाची तळमळ आओस्तातल्या माणसापेक्षा कमी आहे म्हणून तिथे असा पक्ष उभा राहत नाही, असं कृपा करून लिहू नका. तो दोष तळमळीचा नाही.

कामाचं एक सांगून थांबते. परिषदेच्या बैठकांची शब्दशः इतिवृत्तं तिच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहेत. आधी 10 मार्च 2017 ची वाचा, मग ऑक्टोबरमधल्या बैठकीची, आणि दोन्हींत स्टेल्ला आल्पिनाचे सदस्य काय बोलले तेवढंच वेगळं काढा. भाषणं मध्येच इटालियनमधून फ्रेंचमध्ये जातात. कोण कुठल्या वाक्याला भाषा बदलतो याची समासात खूण करत चला. इतिवृत्तं वाचून झाली की आओस्ताला जा. रेल्वेने जाणार असाल तर आधी चौकशी करा, कारण इव्ह्रेआच्या पुढचा रेल्वेमार्ग विद्युतीकरणासाठी 2024 च्या सुरुवातीला बंद केला आणि त्या टप्प्यासाठी बसची सोय केली. प्लास देफेसमध्ये परिषदेची इमारत आहे. बैठकीच्या दिवशी तिथे पोचलात, तर मध्यंतरात सदस्य बाहेर येतात तेव्हा कोण कुणाबरोबर कॉफीला जातो एवढं फक्त टिपून आणा आणि मला कळवा. पुढचं आपण त्यावर बोलू.